बशीतली मोकळी जागा

बटाट्याचं पाणी, साखर, चायना ग्रास.
फालुद्याला लागतं जवळजवळ तेच.
काचेच्या बशीत ते गोठलं
की एका कडेला मी ठेवते बुरशी,
टाचणीच्या डोक्याएवढी,
सांगोल्याकडच्या बागेतली.

भामाबाई येलपले खोडाची चकतीच घेऊन आल्या होत्या,
कापडी पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली.
करवतीनं कापलेली. मधोमध काळपट चांदणी.
"आधी एक फांदी पिवळी पडती," त्या म्हणाल्या,
"मग आठ दिवसांत झाड उभ्या उभ्या वाळतं.
डाळिंबं तशीच लटकत्यात. तोडायला हात होत नाही."

ओळीच्या ओळी गेल्या. एक झाड मात्र राहिलं,
बांधाच्या कोपऱ्यात,
हापशाचं सांडपाणी मुरतं तिथलं.
"त्याच्या मुळाची माती आणा," मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
दुखणाईत सोडून
धडधाकट माणसाची नाडी धरणाऱ्या डॉक्टरकडं बघावं तसं.

पण आणली. दुधाच्या पिशवीत, गाठ मारून.
त्या चिमूटभर मुरमात
किती जण राहत होते, मोजून संपेना.
त्यातला एक मी वेगळा काढला.
सायीच्या थेंबासारखा ओला, बेढब.
जांभळ्या दिव्याखाली धरला तर हिरवट उजळला.
नाव नाही. चिठ्ठीवर फक्त स-१७.

बशीत एकीकडे बुरशी, दुसरीकडे स-१७ ची रेघ.
दार लावलं. अठ्ठावीस अंश.
बाहेर सोलापूर त्रेचाळीसवर होतं
आणि वीज दोनदा गेली.

माझे नाना, व्यंकटमल्लू,
पूर्व भागात चाळीस वर्षं मागावर उभे.
कान कधीच गेले त्या खडखडाटात.
पण हजार धाग्यांतला एक तुटला
तर त्यांना तळपायातून कळायचं.
"तेगिंदी!" म्हणून ओरडायचे, आणि माग बंद.
आमच्या घरात तुटलेला धागा म्हणजे
त्या आठवड्याची भाजी.

त्यांची मुलगी मी,
चौथ्या दिवशी भिंगातून बघते:
पांढरे धागे, ना ताणा ना बाणा,
नुसते पुढं पुढं, वाट फुटेल तिकडं,
आणि रेघेच्या अलीकडं येऊन
थांबलेले.
मध्ये करंगळीएवढी जागा, स्वच्छ.
तिच्यातून खालच्या टेबलाची खरवड दिसत होती.
मी एकटीच हसले.

"मारतो का मग त्याला?" भामाबाईंचा प्रश्न.
कसं सांगू. थोडं काही सोडतो कडू.
जास्त करून, आधी जाऊन बसतो.
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा
मुळाच्या टोकाशी जागा धरतो.
मातीतलं कणभर लोखंड तोच आधी उचलतो.
बुरशी येते, उभ्यानं किती वेळ राहणार?

"म्हंजे आमच्या जावेसारखा," त्या म्हणाल्या.

निळं पिंप, दोनशे लिटर. दोन किलो गूळ.
वेळूच्या काठीनं सकाळ-संध्याकाळ ढवळायचं.
तांब्याचं औषध महिनाभर लांब ठेवायचं,
ते आपला-परका बघत नाही.
ऊन कललं की तांब्या-तांब्यानं मुळाशी.
भामाबाईंनी तेवढंच केलं,
वर प्रत्येक झाडाला काहीतरी पुटपुटत होत्या.
ते मी वहीत लिहिलं नाही.

पुढल्या हंगामात अकरा झाडं तरीही गेली.
हे मात्र लिहिलं.
उरलेल्यांतलं एक डाळिंब
त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं
आणि बजावलं, "तपासायचं न्हाई. खायचं."

रात्री नानांना मोबाइलवर बशीचा फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा वर सारला, पडद्यावर बोट फिरवलं,
पांढऱ्या कडेपर्यंत. तिथं थबकले.
"तेगिंदी?"
नाही नाना, तुटला नाही. थांबला.
ऐकू कुठलं येणार.
त्यांचा अंगठा आणि तर्जनी
त्या मोकळ्या जागेवर
गाठ मारायला लागली होती.
मी फोन लगेच काढून घेतला नाही.